शटरचा आवाज बंद झाला तेव्हा

गेल्या महिन्याभरात दोन मुलांनी मला एकच प्रश्न विचारला, दादा डीएसएलआर घेऊ का मिररलेस, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा का बिनआरशाचा. दोघंही एकांकिका करणाऱ्या ग्रुपमधली, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू व्हायच्यात, म्हणजे फोटो काढायचेत ते स्टेजचे, अंधारातले, फ्लॅश न मारता. फोनवर मी दोघांनाही अर्धवट काहीतरी सांगितलं आणि ते मनाला लागून राहिलं, कारण या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला चांगलं माहितीये पण ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, लांब होईल, सवडीने वाचा.

मी २०११ पासून नाटकांचे फोटो काढतोय. पोटापाण्यासाठी लग्नं, मुंजी, कंपन्यांचे कार्यक्रम सगळं करतो पण जीव अडकलाय तो नाटकात. सुरुवात निकॉनच्या डी७००० वर, मग २०१५ मध्ये डी७५०, आणि २०२१ पासून मिररलेस, निकॉनचाच झेड सिक्स टू. म्हणजे दहा वर्षं आरशाचा कॅमेरा आणि त्यानंतरची बिनआरशाची. मी कुठल्या टेस्ट वगैरे केलेल्या नाहीत, विंगेत उभं राहून, पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीत बसून आणि रंगीत तालमींना जमिनीवर मांडी घालून जे अनुभवलं तेवढंच सांगतोय.

आधी एक प्रसंग सांगतो. २०१६ ची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकाचा प्रयोग होता, जेमतेम सव्वाशे खुर्च्या. दुसऱ्या अंकात आईचं काम करणाऱ्या ताई स्टेजवर एकट्या असतात, मुलाचं पत्र आलेलं असतं, त्या ते वाचतात, एक शब्द बोलत नाहीत, वाचून झाल्यावर पत्राची घडी घालतात, मग अजून एक घडी, अजून एक, पार सुपारीएवढं होईपर्यंत घड्या घालत राहतात आणि मग ते मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीखाली सरकवून देतात. दीड-दोन मिनिटं हॉलमध्ये पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. माझ्या हातात डी७५०, वर ८०-२०० ची झूम लेन्स लावलेली, फ्रेम लागलेली, फोकस लागलेला, आणि मी बटण दाबलं नाही. दाबूच शकत नव्हतो. त्या शांततेत आरशाचा आवाज म्हणजे स्वयंपाकघरात रात्री भांडं पडल्यासारखं झालं असतं, त्या बाईने दीड मिनिट जे उभं केलं होतं ते एका क्षणात मोडलं असतं. प्रयोगानंतर दिग्दर्शकाने विचारलं, "पत्राचा मिळाला ना रे?" मी नाही म्हटलं. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली आणि दोन चहा सांगितले.

ज्यांनी डीएसएलआर वापरलेलाच नाही त्यांच्यासाठी हा आवाज कुठून येतो ते सांगतो. डीएसएलआरच्या पोटात सेन्सरच्या, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्या भागाच्या, पुढे एक आरसा ४५ अंशात तिरका बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जातो, वरच्या प्रिझममधून फिरून डोळ्यापर्यंत येतो, म्हणून त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, जे दिसतं ते खरंखुरं असतं, नटाच्या चेहऱ्यावरचा उजेडच थेट तुमच्या डोळ्यात येत असतो. या मोठ्या आरशाच्या मागे अजून एक चिमुकला आरसा असतो तो थोडा उजेड खाली फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे उचलले जातात, शटरचे पडदे धावतात, आणि आरसे परत खाली आपटतात. सेकंदाच्या छोट्याशा भागात एवढी धावपळ, आणि सगळी धातू-प्लास्टिकच्या भागांची, मग आवाज होणारच. फ्लॅश फोटोग्राफीत, लग्नात, मिरवणुकीत हा आवाज कुणाच्या कानावरही पडत नाही. नाटकात तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

डी७५० वर क्वाएट मोड आहे, डायलवर क्यू लिहिलेला. तो कसा चालतो ते नाटकवाल्या फोटोग्राफरलाच खरं कळेल. त्यात आवाजाचे दोन तुकडे होतात, बटण दाबल्यावर आरसा वर जातो आणि फोटो निघतो तो एक, आणि आरसा खाली येण्याचा दुसरा, आणि हा दुसरा तुम्ही बटण सोडेपर्यंत होतच नाही. म्हणजे मी फोटो काढायचो आणि बोट तसंच दाबून धरायचो, समोर काळोख, आरसा वर अडकलेला, काहीही दिसत नाही, आणि कान स्टेजकडे. पुढचं मोठं वाक्य आलं, लोक हसले, नाहीतर म्युझिक वाजलं की बोट सोडायचं. कधी कधी दहा-दहा सेकंद असा अर्धा आवाज बोटात धरून बसलोय. थंडीत जाकीट कॅमेऱ्याभोवती गुंडाळायचो, उन्हाळ्यात गळ्यातला पंचा.

याचा एक फायदा झाला तो मोठा आहे. मी नाटक ऐकायला शिकलो. संहिता आधी मागून घ्यायचो, दोन तालमी नुसत्या बघायचो, कुठे टाळी येते, कुठे हशा येतो, कुठला नट वाक्याआधी श्वास घेतो हे सगळं पाठ व्हायचं, कारण मला क्लिक करायला जागा शोधायची असायची. शिवाय डीएसएलआरमध्ये अजून एक गंमत आहे, ज्या क्षणी फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर असतो, म्हणजे तुम्हाला तो क्षण दिसतच नाही. जे डोळ्याने बघितलं ते फोटोत नाही आणि जे फोटोत आलं ते तुम्ही बघितलेलं नाही. म्हणून क्षण यायच्या किंचित आधी दाबावं लागतं. नट हात उचलेल हे त्याच्या खांद्यावरून ओळखायचं. ही सवय मला त्या कॅमेऱ्याने लावली आणि ती अजून कामाला येते.

पण तोटा काय झाला हे मला फार उशिरा कळलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे प्रयोग बंद, लग्नं बंद, मी घरी बसून जुन्या हार्डडिस्क लावायला घेतल्या. नऊ-दहा वर्षांचे फोटो एका पाठोपाठ एक बघत गेलो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की माझ्या फोटोंमध्ये सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. सगळे बोलतायत, ओरडतायत, हसतायत, रडले तरी मोठ्याने रडतायत. ऐकणारं माणूस नाही. गप्प बसलेलं माणूस नाही. दोन वाक्यांच्या मधे जो नट थांबतो, ज्याच्यासाठी खरं तर आपण तिकीट काढून जातो, ते काहीच नाही. मराठी नाटकात शब्दाला मान आहे हे बरोबर, पण मी बघितलेली नाटकं माझ्या आठवणीत अशी नव्हती, ती माझ्या फोटोतच अशी झाली होती, आणि ती तशी झाली होती फक्त माझ्या कॅमेऱ्याला आवाज होता म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्राचा एक फोटो राहिला हे माहिती होतं, पण असे किती राहिले असतील याचा हिशोबच नव्हता.

मिररलेस घ्यायचं तेव्हा ठरवलं. तोपर्यंत मी मिररलेसच्या बाजूचा नव्हतो. पहिला मिररलेस २००८ मध्ये पॅनासॉनिकने आणला, २०१३ मध्ये सोनीने फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, ए७ काढला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही फुलफ्रेम मिररलेसमध्ये उतरले, हे सगळं मी वाचत होतो, मित्रांच्या हातात बघत होतो, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आत टीव्ही बघितल्यासारखं वाटायचं आणि मी परत द्यायचो. आता आवाजासाठी घेतला. आरसा नाही म्हणजे आरशाचा आवाज नाही, आणि सायलेंट मोड लावला की शटरचे पडदेही हलत नाहीत, सेन्सर आपला आपण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उघडतो-मिटतो. काहीही हलत नाही. अगदी काहीही.

महाराष्ट्रात नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, निम्म्या क्षमतेने, एक खुर्ची सोडून एक. त्यानंतरच्या एका प्रयोगाला मी पहिल्यांदा तो कॅमेरा घेऊन बसलो. अर्धं थिएटर रिकामं असलं की आवाज जास्त घुमतो, लोक मास्क लावून इतके गप्प बसलेले की डी७५० असता तर मी बहुतेक बॅगेतून काढलाही नसता. नाटकात एक म्हातारा असतो, बायको गेल्यानंतर तिचा चष्मा टेबलावर तसाच पडलेला, तो उचलतो, स्वतःच्या शर्टाच्या टोकाने पुसतो, उजेडाकडे धरून काच बघतो, परत पुसतो आणि घरात ठेवून देतो, चष्म्याच्या घरात. सगळं मिळून मिनिटभराचं. मी अकरा फोटो काढले. पहिला काढला तेव्हा अंग चोरून बसलो होतो, दहा वर्षांची सवय, शेजारचा माणूस आता वळून बघणार असं वाटलं. कुणीही वळलं नाही. सातव्या फोटोत त्याने काच उजेडाकडे धरलीये आणि चष्म्यातून आलेल्या उजेडाचा एक छोटा डाग त्याच्या गालावर पडलाय. मी तो डाग तेव्हाच बघितला, व्ह्यूफाइंडरमध्ये. घरी येऊन तो फोटो उघडला आणि आईला उठवून दाखवला.

आता त्रास सांगतो, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी पैसे घालू नयेत.

दुसऱ्याच महिन्यात एका प्रयोगाला गेलो, त्या थिएटरमध्ये नवे एलईडी लाईट लावलेले. सगळं सायलेंटवर काढलं, साडेसातशे फोटो, आणि घरी कॉम्प्युटरवर उघडले तर निम्म्याहून जास्त फोटोंवर आडवे पट्टे. गडद, फिकट, गडद, फिकट, नटीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. व्ह्यूफाइंडरच्या छोट्या चित्रात ते मला दिसले नव्हते. हे का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. सायलेंटमध्ये सेन्सर सगळाच्या सगळा एकदम वाचला जात नाही, वरून खाली एकेक ओळ करत वाचला जातो, आणि माझ्या कॅमेऱ्याला त्या वाचनाला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे एक फोटो वाचून होईपर्यंत दिवा पाच वेळा मिणमिणलेला असतो, पाच पट्टे. जुने हॅलोजनचे पार आणि स्पॉट लाईट असतात त्यात तार तापलेली असते, ती मधल्या वेळात थंडच होत नाही, त्यामुळे त्यांच्याखाली हा प्रकार जवळजवळ नाही. डीएसएलआरवरही एलईडीने उजेड कमीजास्त यायचा पण पडदे इतके झटकन धावतात की असे ढळढळीत पट्टे क्वचित यायचे.

यावर माझा उपाय असा, प्रयोगाच्या आधी प्रकाशयोजना करणाऱ्याला गाठायचं, कुठले लाईट एलईडी आहेत विचारायचं, आणि तिसऱ्या घंटेच्या आधी लाईट चेक होतो तेव्हा प्रत्येक रंगात एकेक सायलेंट फोटो काढून मोठा करून बघायचा. पट्टे दिसले तर शटर सेकंदाच्या १/१०० किंवा १/५० वर आणायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचं पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जातात. डिमरवर मंद केलेले एलईडी वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे हा हिशोब चालतोच असं नाही, मग मेकॅनिकल शटरवर जायचं आणि परत जुन्यासारखी हशा-टाळीची वाट बघायची. १/५० म्हटल्यावर लोक म्हणतील फोटो हलणार नाही का, तर पळापळीच्या सीनला हलणार, पण ज्या सीनला शांतता असते त्या सीनला माणसंही स्थिर असतात, आणि कॅमेऱ्याच्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, थरथर आवरणारी सोय, माझा हात सांभाळतं. मला जे क्षण हवे होते ते नेमके १/५० ला जमणारे क्षण निघाले. हल्ली ज्यांचं वाचन फार जलद आहे असे स्टॅक्ड सेन्सरवाले कॅमेरे आलेत, निकॉनने झेड नाइन आणि झेड एटमध्ये तर मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही, पण त्यांची बॉडीच लाखांच्या घरात जाते आणि नाटकाच्या फोटोंवर तेवढे पैसे सुटत नाहीत.

उजेडाबद्दल बोलतोच आहे तर व्ह्यूफाइंडरचं सांगतो. स्टेजवर मागे काळा पडदा, चेहऱ्यावर एकच स्पॉट, अशा वेळी कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर काळोख बघून गोंधळतं आणि चेहरा पांढराफटक करून टाकतं. डी७५० वर मी मॅन्युअलवर काढायचो, नाहीतर हायलाइट-वेटेड मीटरिंग, म्हणजे सगळ्यात उजळ भागावरून उजेड मोजणं, लावायचो, तरी अधूनमधून मागच्या स्क्रीनवर बघावंच लागायचं, आणि अंधाऱ्या थिएटरमध्ये तो स्क्रीन पेटणं म्हणजे मागच्या दहा लोकांच्या डोळ्यात बॅटरी मारणं. मिररलेसमध्ये जो फोटो येणार आहे तो आधीच डोळ्यासमोर असतो. चेहरा जळतोय, अर्धा स्टॉप खाली, म्हणजे उजेड थोडा कमी, संपलं. आणि काढलेला फोटोही व्ह्यूफाइंडरच्या आतच बघता येतो, बाहेर कणभर उजेड जात नाही. एलईडीच्या निळ्या-जांभळ्या रंगात तर हे फारच उपयोगी, त्या रंगात एकटं निळं चॅनेल फुटतं, साधा हिस्टोग्राम, उजेडाचा आलेख, बरोबर दिसतो आणि चेहरा मात्र प्लास्टिकच्या बाहुलीसारखा येतो. आता मी तो चेहरा आधी बघतो आणि एक्सपोजर कमी करतो. एक मात्र कराच, मेनूत जाऊन मॉनिटर बंद, फक्त व्ह्यूफाइंडर, असं सेट करा, नाहीतर डोळा बाजूला घेतला की मागचा स्क्रीन भसकन पेटतो. फोकसला मदत करणारा पुढचा दिवाही बंद करा, तो सरळ नटाच्या डोळ्यात जातो.

पण आरशाच्या व्ह्यूफाइंडरची आठवण येते, खोटं कशाला बोलू. फेडआऊट होताना हॅलोजन विझत विझत तांबूस होत जातो, आधी पिवळा, मग केशरी, मग निखाऱ्यासारखा, आणि शेवटचा जो अंश असतो तो डोळ्याला दिसतो आणि कॅमेऱ्याला दिसत नाही. डी७५० मधून मी तो शेवटपर्यंत बघायचो. मिररलेसचा छोटा स्क्रीन त्या अंधारात चित्र वाढवायला बघतो, दाणे येतात, हालचाल किंचित मागून येते. आणि त्या स्क्रीनच्या उजेडाने उजवा डोळा दिपलेला राहतो, विंगेत उभा असेन आणि सीन बदलताना काळोखात लेव्हल आणि पायऱ्यांमधून सरकायचं असेल तर उजव्या डोळ्याने काही दिसत नाही. मी आता ब्लॅकआऊटच्या आधी दोन-तीन वाक्यं डोळा बाजूला घेतो.

बॅटरी. डी७५० ला एका चार्जवर १२३० फोटोंचा आकडा दिलेला, झेड सिक्स टू ला ३४० चा. प्रत्यक्षात दोन्हीत त्याहून जास्त निघतात पण फरक फरकच आहे. डीएसएलआर गळ्यात चालू ठेवून अख्खा तीन अंकी प्रयोग बघायचो, डोळा लावला की चित्र हजर. मिररलेस झोपतो, उठायला अर्धा सेकंद घेतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात माझे क्षण गेलेत. मध्यंतरात बॅटरी बदलायची, संपली नसली तरी बदलायची, हा माझा नियम.

लेन्सचं प्रकरण माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेलं. माझी ८०-२०० एफ २.८ ही जुनी डी सिरीजची लेन्स, सेकंडहँड घेतलेली, सव्वा किलोच्या वर वजन, माझे सगळे बरे फोटो तिच्यातून आलेले. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, १९५९ पासूनचा, त्यात लेन्सपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर जागा सोडलेली कारण मधे आरसा हलायला हवा, झेडमध्ये आरसाच नाही म्हणून ते अंतर १६ मिलिमीटर. मधली जागा भरायला अॅडॉप्टर लावायचा आणि जुन्या लेन्स वापरायच्या. पण माझ्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाहीये, ती बॉडीतल्या मोटरने स्क्रू फिरवून फोकस होते, आणि ना या बॉडीत मोटर आहे ना अॅडॉप्टरमध्ये. म्हणजे ऑटोफोकस गेला. घेण्याआधी हे माहिती होतं तरी पहिल्यांदा लावली आणि ती निपचित राहिली तेव्हा वाईट वाटलं. आता ती मी हाताने फोकस करतो, पीकिंग लावून, कडा लाल दिसतात त्यावरून, आणि जिला आयुष्यात कधी स्टॅबिलायझेशन नव्हतं तिला ते या बॉडीतून मिळतं. शांत सीन मी अजून तिच्यावरच काढतो. वजनाचं म्हणाल तर डी७५० ची नुसती बॉडी ७५० ग्रॅम, झेड सिक्स टू ची ६१५, आणि अॅडॉप्टर १३५ ग्रॅमचा. बेरीज करून बघा.

ऑटोफोकस असलेल्या लेन्सवर मात्र आय-डिटेक्शनने, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून डोळा शोधून फोकस करण्याने, माझं काम बदललं. डी७५० चे ५१ पॉइंट फ्रेमच्या मध्यात गोळा झालेले, नट कडेला गेला की मधे फोकस करून फ्रेम सरकवायची, आणि एफ २.८ ला फोकसची खोली कमी, तेवढ्यात डोळ्याऐवजी कान शार्प व्हायचा. शिवाय फोकसचा सेन्सर वेगळा असल्याने प्रत्येक लेन्स बॉडीशी जुळवून घ्यावी लागायची, फ्रंट फोकस, बॅक फोकस, तासन् तास ते करत बसलोय. मिररलेस चित्राच्या सेन्सरवरूनच फोकस करतो, तो प्रश्नच मिटला. पण नाटकात त्याच्यावर सोडून देता येत नाही. पुढचा बोलतोय आणि मला मागे उंबऱ्यात उभी राहून ऐकणारी सून हवीये, तर कॅमेरा पुन्हा पुन्हा पुढच्याचा डोळा पकडतो, कारण तो मोठा आणि उजेडात आहे. अशा वेळी मी तो बंद करून एकच पॉइंट हाताने नेऊन ठेवतो. कुणाकडे बघायचं हे आपणच ठरवायचं.

अजून एक गोष्ट, आवाज नाही म्हटल्यावर हात सैल सुटतो. डीएसएलआरवर दोन अंकी नाटकाचे माझे चारशेच्या आत फोटो असायचे. मिररलेसवर पहिल्या वर्षी एकेका प्रयोगाचे दोन-दोन हजार. रात्री दोन वाजेपर्यंत निवडत बसायचं, एकाच चेहऱ्याचे साठ फोटो, त्यातला कुठला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रयोग बघितल्याचंच आठवायचं नाही. आता सिंगल शॉटवर ठेवतो, आणि तालमी आधी बघायची जुनी पद्धत परत सुरू केलीये.

आणि आवाज जाण्याची एक बाजू माझ्या डोक्यातही आली नव्हती, ती एका नटीने सांगितली. आमच्याच वयाची, कॉलेजपासून ओळखतो. तालमीला मी सायलेंटवर काढत होतो, मधे थांबली आणि म्हणाली, "अरे तू काढतोयस का नाही? आधी तुझं खट् आलं की मला कळायचं इथे काहीतरी झालं, पुढच्या वेळी मी तिथे परत जाऊन बघायचे." मला हे दहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. म्हणजे तालमीत माझा क्लिक त्यांना दाद वाटायचा. तेव्हापासून तालमीला मी मेकॅनिकल शटर चालू ठेवतो, आणि तिच्या नाटकाची तालीम असेल तर डी७५० नेतो, तो विकलेला नाही. प्रयोगाला सायलेंट.

तर त्या दोन मुलांना माझं सांगणं असं. तालमी, पोस्टर, स्पर्धेआधीचे फोटो एवढंच करायचं असेल तर सेकंडहँड डीएसएलआर आणि ८५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या, चांगली बॉडी आता निम्म्याहून कमी पैशात मिळते, घेताना शटर काउंट, म्हणजे त्यावर आत्तापर्यंत किती फोटो काढलेत ते, बघा, आणि ऐकायला शिकाल ते वेगळंच. प्रयोग चालू असताना प्रेक्षकांत बसून काढायचे असतील तर थोडं थांबा, पैसे जमवा आणि मिररलेसच घ्या, पहिली पिढी असली तरी चालेल, पण सायलेंट शटर आहे ना आणि ज्या थिएटरमध्ये काढणार तिथे पट्टे येतात का हे कुणाचा तरी मागून आणून आधी बघा.

त्या पत्राच्या नाटकाचं राहिलं. गेल्या वर्षी त्याच दिग्दर्शकाने ते परत बसवलं, नव्या संचात. आईचं काम दुसरी मुलगी करते, वयाने बरीच लहान, काम उत्तम करते. मी तिसऱ्या प्रयोगाला गेलो, लाईट चेकला पट्टे तपासले, ८०-२०० लावली, १/५० वर ठेवून त्या सीनचे चौदा फोटो काढले. ही पत्राच्या घड्या घालत नाही. वाचते, हातात तसंच धरून ठेवते आणि दुसऱ्या हाताने मिसळणाच्या डब्याचं झाकण लावते. त्यातला झाकण लावतानाचा फोटो आता नाटकाच्या जाहिरातीत येतो.

मूळच्या ताई आता काम करत नाहीत, गुडघ्यांमुळे. त्या दिवशी प्रयोगाला आल्या होत्या. नंतर बाहेर चहाला उभे होतो तेव्हा मी त्यांना ते सगळं सांगितलं, २०१६ चं, फ्रेम लागली होती आणि दाबलं नाही ते. त्या म्हणाल्या, "बरं केलंस, मी दचकले असते." मग पर्समधून प्रयोगाचं पत्रक काढलं, चहाचा कप मला धरायला दिला आणि घड्या घालायला लागल्या, तशाच, घाई न करता, प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत. सातवी घडी जोर लावून बसवावी लागली. मग ते पत्रक माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि कप परत घेतला.